शाळेतील नृत्याच्या प्रसंगात पात्रे विखुरली, तर गेम मास्टरने काय करावे?

सांगलीतील आपल्या गटाच्या रोल-प्लेइंग खेळात (ज्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र साकारतो आणि गेम मास्टर प्रसंग रंगवून खेळ चालवतो) शाळेच्या स्नेहसंमेलनातील नृत्याचा प्रसंग आला की पात्रे वेगवेगळ्या कोपऱ्यांत जातात आणि खेळ रेंगाळतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नृत्य हे निमित्त असते. खरा खेळ कोण कोणाशी बोलतो आणि कोण कोणाला टाळतो, यात असतो. म्हणून सत्राआधी प्रत्येक खेळाडूला विचारावे, की त्याच्या पात्राला त्या संध्याकाळी कोणाकडून काय हवे आहे आणि कोणाची नजर चुकवायची आहे. ही उत्तरे एकमेकांत गुंतवली, की पात्रे आपोआप समोरासमोर येतात.

वेळ गाण्यांनी मोजावी. लेझीम, कोळीनृत्य आणि शेवटी बक्षीस समारंभ असा क्रम आधीच जाहीर करावा, प्रत्येक गाण्यात प्रत्येक पात्राला एक छोटा प्रसंग द्यावा आणि ऐन उत्तराच्या क्षणी तो थांबवून दुसरीकडे वळावे, म्हणजे बाकीचे खेळाडूही लक्ष देऊन ऐकतात.

पावले जमली की नाही, यासाठी फासे टाकू नयेत; माफी मागण्यासारख्या क्षणांसाठी टाकावेत. सहा बाजूंचे दोन फासे वापरणाऱ्या ‘मॉन्स्टरहार्ट्स’सारख्या खेळांत बेरीज ७ ते ९ आली, तर यश मिळते, पण किंमत मोजावी लागते: माफी स्वीकारली जाते, मात्र ते बोलणे विंगेत उभ्या असलेल्या कोणीतरी ऐकलेले असते.

पात्रे शाळकरी असल्यामुळे प्रेमाचे धागे कुठवर न्यायचे, हे सर्वांनी आधीच मोकळेपणाने ठरवावे.