एफला अडलो, आता परत जाऊ का?

प्रश्न : दादा, वय 36, नोकरी करतो, चार वर्षं गिटार वाजवतोय, बरं वाजवतो असं घरचे म्हणतात. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवलं, पंचवीस-तीस जण असतील, सगळे ओळखीचे. दोनच गाणी होती. दुसऱ्या गाण्यात एफची बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या ती, नीट बसली नाही, मी थांबलो, सॉरी म्हणालो, परत सुरू केलं तर परत तिथेच अडलो आणि मग शेवटपर्यंत हात थरथरत होते. घरी हे गाणं मी झोपेतसुद्धा वाजवतो. आता परत बोलावलंय, पण जाऊ की नको तेच कळत नाहीये.

उत्तर : जा. कसं जायचं तेवढं बोलू.

आधी एक सांगा, घरी ते गाणं वाजवताना चुकलं की तुम्ही काय करता? थांबता, जीभ चावता, दोन ओळी मागे जाता आणि परत वाजवता, बरोबर? म्हणजे चार वर्षं तुम्ही गाण्याबरोबरच चुकल्यावर थांबायचीही प्रॅक्टिस केलीत, आणि स्टेजवर हातांनी इमानदारीत तेच केलं, त्यांचा काही दोष नाही. घरी बसून शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं हेच होतं, माझंही कित्येक वर्षं झालं.

म्हणून रियाजाचे सरळ दोन भाग पाडा. एका भागात हवं तिथे थांबा, एफची जागा पन्नास वेळा घोळा, काही हरकत नाही. पण दुसऱ्या भागात फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं, उभं राहायचं आणि गाणं सुरू केलं की काहीही झालं तरी शेवट आल्याशिवाय थांबायचं नाही, तार तुटली तरी. एफ फसली? फसू दे, उजवा हात चालू ठेवायचा, डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती हलकी टेकवायची म्हणजे छक्-छक् असा बंद आवाज येतो, तेवढ्यावर ताल धरून ठेवायचा आणि पुढची कॉर्ड आली की तिथे गाणं पकडायचं. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटेल की मुद्दाम केलंय. लोकांना चुकीची कॉर्ड ऐकू येतेच असं नाही हो, पण ताल तुटला की लहान मुलालाही कळतं. आणि तुमचा चेहरा पडला की उरलेल्यांनाही कळतं. या दुसऱ्या भागातली पहिली पाच-सहा रेकॉर्डिंग ऐकवणार नाहीत अशी होतील, ती डिलीट करा पण दुसऱ्या दिवशी परत करा.

आता त्या एफचं बघू. ती सहाही तारांवर दाबलीच पाहिजे असा कायदा नाहीये. वरच्या दोन जाड तारा सोडून खालच्या चार तारांवरची छोटी एफ घ्या, गर्दीत कुणाला फरक कळत नाही. नाहीतर कॅपो लावा, म्हणजे गिटारच्या गळ्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, गाणं सी स्केलमध्ये असेल तर पाचव्या फ्रेटला, म्हणजे गळ्यावरच्या पाचव्या घरात, कॅपो लावून जी स्केलचे आकार वाजवायचे, मग एफच्या जागी साधा सी कॉर्डचा आकार येतो आणि सूर तोच राहतो. ही पळवाट वगैरे अजिबात नाही, कॅपो त्यासाठीच असतो. काही लोक त्यावर नाकं मुरडतात, मुरडू द्यावीत.

थरथर तर होणारच. अॅड्रेनलिन वाढलं की छाती धडधडते, बोटांकडचं रक्त कमी होतं म्हणून ती गार पडतात आणि बारीक हालचाली बिघडतात. शिवाय नाडी एवढी पळत असते की घरचा टेम्पो आपल्याला रडका वाटायला लागतो, मग आपण नकळत गाणं पळवतो आणि जी एफ घरी वेळेत बसायची तिला तिथे वेळच मिळत नाही, मला वाटतं तुमचं खरं घोडं इथेच अडलं असणार. त्यामुळे सुरू करण्याआधी मनात गाण्याची अवघड ओळ म्हणून बघा आणि तिच्या वेगाने चार आकडे मोजून मगच पहिला स्ट्रोक मारा. वाजवण्याआधी हात खिशात किंवा काखेत धरून गरम करा, श्वास सोडताना घेतानापेक्षा जास्त वेळ लावा. आणि सगळ्यात सोपं, जे तापात पडलेलं असतानाही वाजवू शकाल असं गाणं पहिलं ठेवा, अवघड गाणं दुसरं नाही तर तिसरं ठेवा, तोवर हात जरा ताळ्यावर येतात.

आणि थांबलात म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका. डिसेंबर 2016 मध्ये स्टॉकहोमला नोबेलच्या समारंभात अमेरिकन गायिका पॅटी स्मिथ त्या वर्षी साहित्याचं नोबेल मिळालेल्या बॉब डिलनचं गाणं गात होती, आयुष्य स्टेजवर गेलेली बाई, आणि मध्येच अडली. सॉरी, मी खूप नर्व्हस आहे असं तिथल्या तिथे सांगितलं, तेवढा भाग परत सुरू करायला लावला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिने गाणं पूर्ण केलं. म्हणजे थांबणं चालतं, पण एकदाच. तुमची गडबड दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात उडी मारण्यात झाली, तिथे एफ सोडून पुढच्या ओळीवरून सुरू करायचं होतं.

प्रश्न : माझ्या अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप आहे. घरी छान वाजते पण कार्यक्रमात मोठ्या स्पीकरला लावली की हूंऽऽऽ असा आवाज सुरू होतो आणि थांबतच नाही. गिटार खराब आहे का?

उत्तर : नाही नाही, गिटार चांगली आहे, चांगली घुमते म्हणून तर ओरडतेय. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोकळीत शिरतो, वरची फळी हलते, पिकअप ते उचलून परत स्पीकरला पाठवतो आणि हे चक्र फिरत राहतं, यालाच फीडबॅक म्हणतात. मोठ्या बॉडीच्या गिटारची पोकळी साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे सुट्या पाचव्या तारेच्या सुराच्या जरासं खाली, म्हणून तो हूं एवढा जाड येतो.

आधी जागा बदला, मॉनिटरकडे, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरकडे, गिटारचं भोक करून उभं राहू नका. मग भोकात बसणारं रबराचं झाकण मिळतं ते घाला, दिसायला विचित्र दिसतं पण निम्मा त्रास तिथेच संपतो. गिटारच्या प्रीअॅम्पवर (गिटारवरची आवाजाची बटणं असतात ती डबी) फेजचं बटण असेल तर दाबून बघा, नॉच (नेमका एकच सूर कापणारं बटण) असेल तर हळूहळू फिरवत हूं गायब होतो ती जागा शोधा, नसेल तर बेस कमी करा. मॉनिटरचा आवाज वाढवून मागायची सवय मात्र सोडा, आपणच फीडबॅकला आमंत्रण देतो आणि मग साऊंडवाल्याशी भांडतो.

साऊंडचेकला लाजत लाजत वाजवू नका, सगळ्यात जोरात जे वाजवणार असाल तेच वाजवा. केबल लांब असेल तर डीआय बॉक्स, म्हणजे लांब केबलमध्ये गिटारचा आवाज बिघडू न देणारी डबी, मागा. प्रीअॅम्पची 9 व्होल्टची बॅटरी आदल्या दिवशी बदला, जॅक लावून ठेवला की बऱ्याच गिटारमध्ये ती चालूच राहते आणि ऐनवेळी संपते. आणि आवाज बंद करायला सांगितल्याशिवाय जॅक उपटू नका, तो धाडकन आवाज पहिल्या रांगेतल्यांच्या कानात बसतो.

प्रश्न : दादा, मी 19 वर्षांची आहे, शनिवारी पहिला शो आहे. नवीन तारा त्याच दिवशी घालू का म्हणजे आवाज फ्रेश येईल?

उत्तर : अजिबात नको गं. नवीन तारा ताणल्या जात राहतात आणि सूर उतरत राहतो. हे मी एकदा केलंय, संध्याकाळी कार्यक्रम आणि दुपारी तारा, नंतर प्रत्येक गाण्याआधी खुंट्या पिळत बसलो आणि लोक ट्यूनिंगलाच टाळ्या वाजवायला लागले. तू बुधवारी घाल, बोटाने हलकी ओढून परत सुरात लाव, असं चार-पाच वेळा कर आणि दोन-तीन दिवस वाजव. स्टेजच्या दिव्यांच्या उष्णतेनेही तारा उतरतात, म्हणून तिथे पोचल्यावर जरा वेळ गिटार तशीच ठेव, मग लाव. ट्यूनर क्लिपवाला घे, तो लाकडाची थरथर ओळखतो, त्यामुळे गोंगाटातही चालतो. कॅपो लावलास की परत एकदा तपास, कारण तो सूर थोडा चढवतो. आणि बसून शिकली असशील तर आजपासून पट्टा लावून उभी राहून वाजव, मनगटाचा कोन बदलतो, हे शनिवारी कळायला नको. पट्टा एवढाच लांब ठेव की बसल्यावर गिटार जिथे येते तिथेच उभं राहिल्यावर येईल.

प्रश्न : फोनवर कॉर्ड बघून वाजवलं तर वाईट दिसतं का?

उत्तर : दिसतं थोडं, पण शब्द विसरण्यापेक्षा बरं. अक्षर मोठं ठेवा, स्क्रीन आपोआप बंद होणार नाही असं करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. माझ्या गाण्याच्या बरोबर मध्यात आईचा फोन आला होता, आणि रिंगटोन माझ्यापेक्षा सुरात होती.