लिव्हरमधली गाठ सुईने जाळतात, ते ऑपरेशनइतकं खात्रीचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरोसिस (लिव्हर कडक होऊन बिघडणं) आणि आता २.४ सेंटीमीटरची गाठ. डॉक्टर सुईने जाळू म्हणतात आणि घरचे म्हणतात, सुई लावली की कॅन्सर पसरतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी नागपुरात हेच झालं. आमचे काकाजी तर हातच धरून बसले, "सुई लावू नको बाप्पा, पसरते ते!"

मी डॉक्टर नाही, वीज खात्यातला माणूस आहे. त्यामुळे धंतोलीच्या रेडिओलॉजिस्टने बाबांच्या मांड्यांना चिकटवायचे पॅड दाखवले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हे तर अर्थिंग!" ते हसले, आणि पुढचं सगळं माझ्याच भाषेत सांगितलं.

याला रेडिओफ्रीक्वेन्सी अब्लेशन म्हणतात. सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई कातडीतून थेट गाठीत नेतात. तिच्या उघड्या टोकातून सेकंदाला चार-पाच लाख आवर्तनांचा करंट सोडतात, तो मांड्यांवरच्या पॅडमधून परत जातो. पेशींतले आयन त्याच्यासोबत मागेपुढे धावतात आणि घर्षणाने तिथलं मांसच तापतं. ६० अंशांना पेशी जवळजवळ लगेच मरतात, उकडलेल्या अंड्यासारख्या घट्ट होतात. घाई मात्र चालत नाही. १०० च्या वर गेलं की मांस करपतं, वाफ होते, रोध वाढतो आणि करंट पुढे सरकतच नाही. मोठ्या आचेवरची भाकर बाहेरून जळते, आत कच्ची राहते, तसं.

दुसरी अडचण रक्तवाहिनीची. गाठ मोठ्या शिरेला चिकटून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि त्या बाजूच्या पेशी वाचतात. मे महिन्यात कूलरसमोर बसणाऱ्या नागपूरकराला हे वेगळं समजवायला नको. अशा ठिकाणी या करंटऐवजी सुईतून मायक्रोवेव्ह लहरी सोडून जाळणं बरं पडतं. त्यात अर्थिंग लागत नाही, करपलं तरी काम थांबत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीत हे ऑपरेशनच्या जवळपास बरोबरीने उतरतं, तीनपर्यंत चांगलं, त्यापुढे खात्री घसरत जाते. कारण फक्त गाठ जाळून भागत नाही, भोवतीची निदान अर्धा सेंटीमीटर निरोगी जागाही जाळावी लागते. म्हणजे तुमच्या वडिलांच्या २.४ साठी साडेतीन सेंटीमीटरचा गोळा तरी. तो तिथे बसतो का, की शेजारी पित्ताशय, मोठी पित्तनलिका किंवा आतडं आहे, हे आधी विचारा. आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. आणि पोटात पाणी, कावीळ, प्लेटलेट्स कशा आहेत तेही, कारण ऑपरेशन झेपेल का हे उरलेलं लिव्हर ठरवतं. बाबांना ते झेपलंच नसतं.

काकाजींची भीती अगदीच खोटी नव्हती. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं क्वचित होतं, म्हणून सुई काढताना ती वाटही जाळत येतात. प्रयोग वगैरे नाही हा. कातडीतून लिव्हरमध्ये सुई घालून जाळायची ही पद्धत १९९० मध्ये इटली आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी वेगवेगळी मांडली.

बाबा दुसऱ्या दिवशी घरी आले. चार दिवस बारीक ताप, उजव्या खांद्यात दुखणं, डब्यातल्या खिचडीवर चिडचिड. खरा धक्का महिन्यानंतरच्या सीटीने दिला. गाठ २.३ ची होती आणि रिपोर्टमध्ये आकडा चारच्या वर! ताई रामदासपेठेतल्या सेंटरच्या पायरीवरच रडायला लागली. तो जळालेल्या पूर्ण जागेचा आकार होता. बघायचं असतं ते एवढंच की शिरेतून डाय (सीटीत उजळ दिसणारं औषध) सोडल्यावर त्या डागाच्या कडेला काही उजळतं का, म्हणजे जिवंत गाठ उरली आहे का. आमच्यात उजळलं नव्हतं.

तरी चौदा महिन्यांनी दुसऱ्याच भागात नवी गाठ आली. जाळलेली जागा स्वच्छच होती, सिरोसिस मात्र तसाच होता. तीही दीड सेंटीमीटरची असतानाच सापडली, कारण दर तीन महिन्यांचा सीटी आम्ही चुकवला नव्हता. ती मायक्रोवेव्हने जाळली. तुमच्याकडे हिपॅटायटिस बीची गोळी चालू आहे ना? गाठ गेली म्हणून ती कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आमच्या एका नातेवाइकाने ती बंद करायचाच सल्ला दिला होता.