ईपीएसच्या भरवशावर पीएफला हात लावू नका

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक वाचक लिहितात : ‘माझे वय ५३, मूळ पगार ६० हजार. आमच्या कंपनीने सुपरॲन्युएशन योजना (निवृत्तीनंतरच्या पेन्शनसाठी कंपनी पैसे भरते ती) बंद केली असून तिच्यात दरमहा जाणारे ९ हजार रुपये भत्ता म्हणून घ्यायचे की एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) वळवायचे, हे कळवायला सांगितले आहे. काय करावे? २०३१ मध्ये ५८ पूर्ण होतील. ईपीएसचे (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचे) दरमहा तीसेक हजार येतीलच, म्हणून पीएफच्या २८ लाखांतले २० लाख मुलाच्या फ्लॅटसाठी काढणार आहे. गेल्याच आठवड्यात बँकेतून गॅरंटीड पेन्शनची पॉलिसीही घेतली आहे.’

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पैसे एनपीएसमध्ये वळवावेत. नव्या करप्रणालीत मालकाने एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेवर मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्या बाबतीत दरमहा ८,४०० रुपयांपर्यंत, वजावट मिळते. भत्ता म्हणून घेतलेली रक्कम करपात्र तर होईलच, पण दोन महिन्यांत घरखर्चात विरूनही जाईल.

खरी चिंता आहे ती ‘तीसेक हजार येतीलच’ या वाक्याची. आपण ज्यांचा दाखला देता ते मेहुणे १९९९ मध्ये जिल्हा परिषदेत शिक्षक म्हणून लागले, त्यांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाईभत्ता मिळणार, हे खरे आहे. राज्य सरकारने ती जुनी योजना १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी बंद केली; पुढे मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राच्या धर्तीवर एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारण्याचे ठरवले. या साऱ्या बातम्यांमध्ये ‘निम्मा पगार’ हे शब्द वारंवार आले. पण त्यांचा खासगी नोकरदाराशी काडीचाही संबंध नाही.

ईपीएस ही १९९५ ची वेगळी योजना आहे. तिच्यात आपला मूळ पगार ६० हजार धरला जात नाही. आपल्यासाठी दरमहा जमा होतात ते १५ हजारांच्या मर्यादेवरचे ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये. सप्टेंबर २०१४ पूर्वी ही मर्यादा ६,५०० होती आणि त्या काळातील सेवा त्याच आकड्यावर मोजली जाते. मर्यादेतला पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०, हे सूत्र. आधीच्या कंपनीतील नऊ वर्षांची रक्कम आपण २००८ मध्ये पीएफबरोबरच काढून घेतल्यामुळे ती सेवा हिशेबातून गेली. उरली २३ वर्षे : पहिल्या सहा वर्षांचे सुमारे ५५०, पुढच्या सतरा वर्षांचे ३,६५०, आणि वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणाऱ्या दोन वाढीव वर्षांचे सव्वाचारशे. एकूण साडेचार हजार रुपये. त्यावर महागाईभत्ता नाही. मर्यादा वाढण्याची चर्चा कानावर येते, परंतु मागच्या वेळी वाढ झाली तेव्हा ती फक्त पुढच्या सेवेला लागू झाली. आपल्या हाती पाचच वर्षे आहेत, त्यामुळे त्या आशेवर काहीही ठरवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर प्रत्यक्ष पगारावर आधारित वाढीव पेन्शनसाठी कर्मचारी आणि मालकाने मिळून संयुक्त पर्याय देण्याची मुदत जुलै २०२३ मध्येच संपली आहे.

२००८ मध्ये काढलेल्या दोन लाखांचा उल्लेख आपण ओझरता केला आहे. ती रक्कम तशीच राहिली असती, तर २०३१ पर्यंत तिचे बाराएक लाख झाले असते. तीच चूक आता दहापट मोठ्या रकमेची होऊ घातली आहे. आज काढायचे म्हणता ते २० लाख तसेच राहू दिले, तर सध्याच्या ८.२५ टक्क्यांच्या दराने पाच वर्षांत सुमारे ३० लाख होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला नेमके ३० लाखच ठेवता येतात आणि सध्याच्या ८.२ टक्के दराने त्यांचे महिन्याला साडेवीस हजार रुपये येतात. आपला आजचा ५० हजारांचा घरखर्च तोवर ६५ हजारांवर गेलेला असेल. ईपीएसचे साडेचार आणि सुपरॲन्युएशनमध्ये आज असलेल्या १४ लाखांतून, एक तृतीयांश रोख घेतल्यावर, येणारे सातएक हजार मिळून साडेअकरा हजार होतात. त्यात हे साडेवीस मिळवले तरी निम्माच खर्च भागतो; उरलेला निम्मा पीएफची बाकी शिल्लक, ग्रॅच्युइटी आणि एनपीएस यांतून काढावा लागेल, आणि ती पुंजी दहा-बारा वर्षे पुरली तरी पुष्कळ. हा हिशेब पीएफला हात न लावता केलेला आहे. चिरंजीव पंचविशीत आहेत, कमावते आहेत आणि त्यांना वीस वर्षांचे गृहकर्ज सहज मिळेल. आपल्या पीएफवर त्यांच्या फ्लॅटचा भार टाकू नये.

आता पॉलिसीविषयी. वर्षाला २ लाख ४० हजार, दहा वर्षे. आपल्याला ती ‘पेन्शन’ म्हणून विकणाऱ्याने शेवटचे किमान चार हप्ते निवृत्तीनंतर भरावे लागतील, हे सांगितले नाही, आणि पाठवलेल्या तक्त्यावरून परतावा साडेपाच टक्क्यांच्याही खालीच दिसतो. ५३ वर्षांच्या माणसाला, ज्याचा पगार पाच वर्षांत थांबणार आहे, असा करार विकणे मला अजिबात पटत नाही. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तो अर्ज याच आठवड्यात लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि ‘वर्षभर थांबून बघा’ या आग्रहाला बळी पडू नये.

पॉलिसी परत केल्यावर हप्त्याचे महिन्याला वीस हजार वाचतील. त्यांपैकी दरमहा साडेतेरा हजार स्वेच्छा पीएफमध्ये (नेहमीच्या वर्गणीशिवाय स्वतःहून भरायच्या पीएफमध्ये) वळवावेत. त्यामुळे आपली स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या आत राहते आणि व्याजावर कर लागत नाही. उरलेले साडेसहा हजार एनपीएसमध्ये जावेत. सुपरॲन्युएशनचे १४ लाख ट्रस्टकडेच राहणार की एनपीएसमध्ये वर्ग करता येणार, याचे लेखी उत्तर मनुष्यबळ विभागाकडून मागून घ्यावे आणि पर्यायाच्या अर्जावर सही त्यानंतरच करावी.