फोलिओ, इन्सिपिट आणि आपले बाड

प्रश्न असा: मध्ययुगीन लॅटिन धर्मशास्त्रीय लेखनाच्या एका हस्तलिखित संग्रहाची सूची मराठीत आणायची आहे. 'फोलिओ ४१ रेक्टो ते ८८ व्हर्सो', 'इन्सिपिट', 'एक्स्प्लिसिट' यांना काय म्हणावे? अख्ख्या हस्तलिखिताला पोथी म्हटलेले चालेल का?

फोलिओला 'पत्र' म्हणा, 'पृष्ठ' नको. एका पत्राला दोन पृष्ठे. ४१ ते ८८ ही ४८ पत्रे, म्हणजे ९६ पृष्ठे. 'पृष्ठे ४१ ते ८८' छापलेत की निम्मा ग्रंथ गायब. 'पान'ही टाळा, कारण बोलताना आपण दोन्हींना पानच म्हणतो. रेक्टो म्हणजे पत्राची पुढची बाजू, व्हर्सो म्हणजे पाठची; त्यांना ४१अ, ४१ब पुरे. मात्र देवनागरी पोथीत पत्रांक बहुधा पाठच्या बाजूला असतो, लॅटिन हस्तलिखितात पुढच्या बाजूला, उजवीकडे वर. पोथीच्या सवयीने फोटो लावायला बसलात तर अ-ब ची गल्लत होणारच.

पोथी म्हणू नये. पोथीची पत्रे सुटी. इथे चर्मपत्राचे ताव दुमडून, साधारण चार ताव एकात एक घालून आठ पत्रांची जुडी करतात आणि अशा जुड्या शिवतात. याला जवळचा शब्द 'बाड'. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिर या हस्तलिखित-संग्रहालयातली बाडे ज्यांनी चाळली आहेत त्यांना एका शिवणीत अनेक प्रकरणे ही गोष्ट नवी नाही. 'संग्रह' मात्र ग्रंथालयाच्या सगळ्या ठेव्यासाठी राखून ठेवा, नाहीतर वाचक एका बाडाला शंभर समजेल.

आता तुमच्या नोंदीतला ४१ हा आकडा बघा. जुड्या आठ-आठ पत्रांच्या असतील तर पाच जुड्या ४०ब वर संपतात आणि नवा ग्रंथ नेमका सहाव्या जुडीच्या तोंडाशी सुरू होतो. त्यातच ४०ब कोरे, ४१अ मळलेले आणि ओळींची संख्या बदललेली दिसली, तर हा भाग आधी सुटा होता आणि मागाहून बांधला गेला, असा दाट संशय घ्यावा. अशा वेळी 'जोडबाड' लिहावे, असे माझे मत. लेखनिकाने सलग उतरवलेल्यापासून ते वेगळे कळायलाच हवे.

इन्सिपिटला 'आद्यवाक्य'. ते का देतात? मथळे बेभरवशाचे म्हणून. ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मशास्त्रकाराचे 'एन्किरिडिऑन' काही ठिकाणी 'श्रद्धा, आशा आणि प्रीती' याच नावाने सापडते, आणि ऑगस्टिनच्या नावावर खपलेले परके लेखनही कमी नाही. 'दिची नोन पोतेस्त, दिलेक्तिस्सिमे फिली लाउरेन्ती' हे शब्द दिसले की ग्रंथ पक्का ओळखता येतो. इथे हमखास होणारी चूक: तांबड्या शाईतली 'इन्सिपिट लिबेर...' ही ओळ आद्यवाक्य म्हणून उतरवली जाते. ती ओळ म्हणजे मथळा, आपल्या 'अथ... प्रारंभः' सारखी, आद्यवाक्य तिच्या पुढे सुरू होते.

एक्स्प्लिसिटला 'अंत्यवाक्य', पण ग्रंथाच्या मजकुराचे. लेखनिकाचे नाव, साल, 'हात दुखला, प्रार्थना करा' वगैरे त्याखाली असेल तर ती पुष्पिका. तिची ओळ वेगळी द्या.