‘खरेपणाने उपासना’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आला आहे: ‘चर्चच्या पत्रिकेत “आत्म्याने व खरेपणाने उपासना” असे वाचले. यातला खरेपणा म्हणजे प्रामाणिकपणा का? “सिन्सिअर वर्शिप”साठी “प्रामाणिक उपासना” लिहिले तर चालेल का?’

अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. प्रामाणिक म्हणजे कारकून, रिक्षावाला, फार तर प्रयत्न. उपासनेला आपण ते विशेषण लावत नाही. शिवाय पत्रिकेतल्या शब्दांचा अर्थ त्याहून बराच खोल आहे.

ते शब्द बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानातले, 4:23-24 मधले. प्रसंग शोमरोनातल्या (इंग्रजीत समॅरिया) सूखार गावाजवळच्या विहिरीपाशी घडतो. पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई येशूला त्या काळचा धगधगता वाद विचारते: आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करत आले, तुम्ही यहुदी म्हणता यरुशलेमच खरे, मग बरोबर कोण? डोंगर म्हणजे गरिज्जीम. तिथले शोमरोन्यांचे मंदिर यहुदी राज्यकर्ता हुर्कानस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पाडले होते, म्हणजे जखम जुनी आणि खरी. येशू दोन्ही जागा बाजूला ठेवतो आणि म्हणतो, उपासना ‘आत्म्याने व खरेपणाने’ व्हायला हवी.

मूळ ग्रीकमध्ये इथे ‘अलेथेइया’ आहे, म्हणजे सत्य. याच शुभवर्तमानात पुढे 14:6 ला ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ असे येते, तिथेही ग्रीक शब्द हाच. मराठी भाषांतरात मात्र चौथ्या अध्यायात ‘खरेपणा’ आणि चौदाव्यात ‘सत्य’. त्यामुळे मराठी वाचकाच्या हातून एक धागा सुटतो. योहानाला फक्त ‘मनापासून करा’ एवढेच म्हणायचे नाही. मनापासून तर दोन्ही डोंगरांवरचे लोक करतच होते. देव ख्रिस्तात जसा प्रकट झाला तसा त्याला ओळखून केलेली उपासना, असा ख्रिस्ती अर्थ त्यात आहे. मनाचा सच्चेपणा त्यात येतोच, पण तेवढ्यावर भागत नाही.

मग निव्वळ ‘सिन्सिअर’साठी बायबलात काय? प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:8) ‘सात्त्विकपणा व खरेपणा ह्या बेखमीर भाकरींनी’ सण पाळा, असे आहे. तिथे ‘खरेपणा’ पुन्हा अलेथेइया, आणि ‘सात्त्विकपणा’ म्हणजे निर्भेळपणा, आत एक बाहेर एक नसणे. शब्द देखणा आहे. फक्त आज सात्त्विक म्हटले की आधी कांदा-लसूण नसलेले ताट डोळ्यांपुढे येते, त्याला इलाज नाही. (‘सिन्सिअर’ हा लॅटिनमधल्या ‘मेणाविना’ या शब्दांवरून आला, पुतळ्यातल्या भेगा मेणाने बुजवणारे लबाड शिल्पकार वगैरे, ही प्रवचनांत हमखास येणारी गोष्ट व्युत्पत्तिकार मानत नाहीत.)

आता ‘उपासना’. उप अधिक आस्, जवळ बसणे. ग्रीक ‘प्रोस्कुनेओ’मध्ये लवून नमन करणे आहे, तर हिब्रू ‘अवोदा’ म्हणजे काम, चाकरी आणि देवाची सेवा, सगळे एकाच शब्दात. मला हा हिब्रू शब्द सर्वांत आवडतो, कारण ख्रिस्ती परंपरेत खऱ्या उपासनेची कसोटी बहुतेक वेळा देवळाबाहेर लागते. आमोस संदेष्टा तर देवाच्या तोंडून ‘तुमचे सण मला नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या’ या अर्थाचे बोलतो. मत्तय 5:23-24 त्याहून रोखठोक आहे: वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. रविवारी दानार्पणाची थैली फिरत असताना शेजारच्या बाकावर बांधावरून अबोला धरलेला चुलतभाऊ बसला असेल, तर हे वचन किती अवघड आहे ते कळते. आपल्याकडे ‘मनी नाही भाव, देवा मला पाव’ म्हणतात. यशया संदेष्ट्याचे ‘ओठांनी सन्मान, अंतःकरण दूर’ त्याच जातीचे.

बोलीत मात्र ‘उपासना’ हा साधा कार्यक्रमवाचक शब्दही आहे. नगरकडचे प्रॉटेस्टंट कुटुंब ‘उपासना किती वाजता सुटते?’ असे सहज विचारते. त्यांच्या गीतपुस्तकाचे नावच ‘उपासना संगीत’, आणि त्यात 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. ना. वा. टिळकांची कितीतरी पदे आहेत. वसईचा कॅथलिक ‘मिस्सा’ला (इंग्रजीत मास) जातो, त्याच्याकडे ‘आराधना’ म्हणजे पवित्र साक्रामेंतापुढची, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या भाकरीपुढची आराधना. ‘पूजा’ प्रॉटेस्टंटांनी सहसा टाळला, कारण त्यांच्या बायबलात तो ‘मूर्तिपूजा’शी बांधला गेला.

तेव्हा पत्रिकेत वचन म्हणून छापायचे असेल तर ‘आत्म्याने व खरेपणाने’ तसेच ठेवा, त्यात बदल नको. स्वतःचे वाक्य लिहायचे असेल तर ‘मनोभावे उपासना’ लिहा. ‘निष्ठापूर्वक’ही चालेल, पण त्याला सभेच्या ठरावाचा वास येतो.