डिझेल आणि शेवाळ: बरणी भरण्याआधी

भाऊ, बरणीतल्या नदीच्या पाण्यात डिझेल टाकून क्लोरेला नावाचं बारीक हिरवं शेवाळ ते संपवतं का, हे तू बघणार आहेस. पण बरणीवरचा तवंग गेला म्हणजे शेवाळाने डिझेल फस्त केलं, असं लगेच धरून चालू नकोस. आपल्या जळगावच्या उन्हात डिझेलचा हलका भाग तसाच उडून जातो. थोडं काचेलाही चिकटतं. बरणी तिरपी करून पाण्याच्या रेषेवर बोट फिरव, ओशट लागेल. म्हणून शेजारी दोन बरण्या आणखी हव्यातच: एकीत उकळून थंड केलेलं पाणी, दुसरी काळ्या कापडात गुंडाळलेली. डिझेल तिन्हींत सारखंच. त्याशिवाय तुझ्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

क्लोरेलाचं कौतुक जरा जास्तच होतं. तेलाचे रेणू तोडण्याचं बरंचसं काम सोबतचे जिवाणू करतात, शेवाळ उजेडात त्यांना ऑक्सिजन पुरवतं. तेव्हा मुख्य बरणीतलं गिरणा नदीचं पाणी उकळू नकोस. चिमूटभर युरिया, किंचित सुपर फॉस्फेट टाक. डिझेलमधून नत्र-स्फुरद मिळत नाही. डिझेल मात्र थेंबानेच. जाड थर उजेड अडवतो.

मे महिन्यात गच्ची नको. क्लोरेलाला 25 ते 30 अंश मानवतात, आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. उत्तरेची खिडकी बरी. आणि उरलेलं पाणी नाल्यात ओतू नकोस, झाकणाच्या कॅनमध्ये साठव.