जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जायचंय? मग घाई घरी ठेवा

आई-बाबांना घेऊन एक्सप्रेसवे टाळून जुन्या हायवेने पुण्याला जायचं, जुनी ठिकाणं बघत, आणि कुठे थांबू, असं तुम्ही विचारलंय. तीसेक वर्षं या रस्त्यावर आहे, आधी बाबांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मागच्या सीटवर आणि आता स्वतः चालवत. म्हणून जरा लांबड लावतो.

शनिवार-रविवार नको. मधल्या वारी, सकाळी सहाला पनवेल सोडा.

पहिला थांबा पळस्पे फाटा, जिथे गोव्याचा आणि पुण्याचा रस्ता वेगळा होतो. इथल्या दत्त स्नॅक्समध्ये बटाटावडा आणि कोकम सरबत घ्या. मात्र पोटभर खाऊ नका, कारण पुढे खोपोलीला रमाकांतचा वडापाव आहे. दोन्हींत कुठला सरस यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी खोपोलीवाला.

खोपोलीत बहुतेक लोक वडा खातात आणि निघतात. तुम्ही तसं करू नका. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचं देऊळ गावातच आहे. ज्येष्ठांना पाय मोकळे करायला घाटाआधी याहून चांगली जागा नाही.

मग घाट. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. त्याआधी इथून मुख्यतः बैल, घोडी आणि माणसं चढायची. चढणीवर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं, म्हणून त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. ट्रकवाले अजूनही चालत्या गाडीतून नाणं भिरकावतात. ते पत्र्यावर, दगडावर खणकन वाजतं. लहानपणी माझं काम तेच, चार आणे मुठीत धरून तयार राहायचं. पद्मिनी इथवर येईतो हमखास तापलेली असे. बाबा बॉनेट उघडून, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून, मान मागे घेऊन झाकण हळूहळू सैल करायचे. एकदा घाई केली आणि मनगट भाजलं. तो डाग अजून आहे. तुमच्या गाडीला हा त्रास नसेल, तरी देवळाशी थांबाच, फक्त वळणावर नाही, गाडी पूर्ण कडेला घेऊन.

पुढे अमृतांजन पूल शोधू नका. बामची जाहिरात त्यावर असायची म्हणून ते नाव पडलं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये तो पाडला. त्या भागात जुना रस्ता काही अंतर एक्सप्रेसवेत मिसळतो, खंडाळ्याला पुन्हा सुटतो. तिथे भरधाव गाड्यांमध्ये आपली लेन सोडू नका आणि फाटा चुकवू नका, नाहीतर सहलीचा अर्धा भाग गेला.

लोणावळ्यात चिक्कीचं दुकान कुठलंही गाठा, मगनलाल या नावाच्या पाट्या तुम्हाला मोजता येणार नाहीत. घाटात रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा मजुरांना गुडदाणी विकण्यातून हा धंदा सुरू झाला, असं सांगितलं जातं. तुमच्या बाबांना दातांचा त्रास असेल तर चिक्कीऐवजी स्टेशनजवळच्या कूपर्सचा फज घ्या. बाकी लोणावळ्यात मला थांबण्यासारखं आता फार काही वाटत नाही.

कार्ल्याच्या लेण्यांना पायऱ्या खूप आहेत, गुडघे बघून ठरवा. वडगाव मावळला मात्र जरूर उतरा. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी कोंडलेल्या इंग्रजांना इथेच तह करावा लागला होता, आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांना त्याचा पत्ता नसतो.

परतीला घाट उतरताना एवढं सांभाळा: दुसऱ्या गिअरवर उतरा, सतत ब्रेक दाबून ठेवू नका. पावसाळ्यात धुकं आलं की पार्किंग लाइट नाही, हेडलाइटच लावा, आणि कणीसवाल्याकडे दहा मिनिटं थांबा. धुकं तेवढ्यात बऱ्याचदा सरकतं.